त्रेसष्ट खांब आणि जिल्हा पातळी

शाळेने मला दिलेल्या खोलीच्या दारावर 'क्रीडा साहित्य' अशी पाटी होती. ती लवकरच काढू, असे मुख्याध्यापक पहिल्या मंगळवारी म्हणाले. पाटी अजून आहे. आत एका बाजूला थाळ्या आणि गोळे, दुसऱ्या बाजूला लेझमांचा ढीग, भिंतीला टेकवलेले खो-खोचे दोन खांब, आणि मधे दोन खुर्च्या मावतील एवढी जागा. आमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या नसतात. जरा तिरक्या ठेवायच्या, म्हणजे मुलाला आपल्याकडे बघतच बोलावे लागत नाही. तिरकी ठेवली की माझी खुर्ची लेझमांना टेकायची आणि मी हलले की खोली वाजायची. त्यामुळे मी न हलता ऐकायला शिकले. सहा दिवसांच्या प्रशिक्षणात ते जमले नव्हते.

त्याआधी सोळा वर्षे मी बेळगावच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. ग्रामीण पान माझ्याकडे होते. यात्रा, सत्कार, सोसायटीच्या सभा, पाण्याच्या तक्रारी, कडोलीचे साहित्य संमेलन. गावोगावचे वार्ताहर बातमी पाठवत. बातमीच्या शेवटी हजर असलेल्यांची यादी असे आणि यादीच्या शेवटी 'आदी उपस्थित होते'. कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसे यांची उत्तरे बातमीत आहेत की नाहीत ते पाहणे आणि यादी कुठे तोडायची ते ठरवणे, हे माझे काम. पुढे ते पान बंद झाले. मुलांच्या मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या एका लहान संस्थेत मला जागा मिळाली. मुलाखतीत त्यांनी विचारले, ऐकून घेण्याची सवय आहे का. मी सांगितले, सोळा वर्षे वार्ताहरांचे फोन घेतले आहेत.

आम्ही डॉक्टर नव्हतो. मुलाचे ऐकायचे, काही बिनसत असेल तर ते वाढण्याआधी ओळखायचे, आणि गरज असेल तर योग्य ठिकाणी पाठवायचे, एवढेच काम. माझ्या वाट्याला निपाणीजवळच्या एका गावातली मराठी शाळा आली. दर मंगळवारी पहाटे बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या घरून निघायचे, स्टँडवर बस धरायची, काकती मागे पडेपर्यंत डुलकी काढायची आणि दहाच्या आत शाळेत पोचायचे.

पहिले पाच मंगळवार कोणीही आले नाही. मुख्याध्यापकांना याचे वाईट वाटले. ते मनापासून शाळा चालवणारे गृहस्थ होते आणि शाळेत सुरू झालेली कोणतीही गोष्ट रिकामी राहणे त्यांना कमीपणाचे वाटे. सहाव्या मंगळवारी त्यांनी दहावीतली पहिल्या पाच नंबरांची मुले पाठवली. स्पर्धेला नेहमी तीच मुले जात. पाचही जण हसतमुख होते. प्रत्येकाने हाताची घडी घालून सांगितले की अभ्यासात एकाग्रता होत नाही, तरी मार्गदर्शन करावे. शब्द न शब्द सारखा. चौकशी केल्यावर कळले की वर्गशिक्षकांनी आदल्या दिवशी समस्या फळ्यावर लिहून दिली होती आणि मुलांनी ती वहीत उतरवून पाठ केली होती.

मी मुख्याध्यापकांना समजावले की मुलांनी स्वतःची अडचण सांगायची असते. त्यांना ते पटले. पुढच्या मंगळवारपासून वर्गावर वर्ग हजेरी क्रमांकाने येऊ लागले, आणि प्रत्येकाला स्वतःची अडचण स्वतः तयार करायला सांगितलेले होते. त्यांतल्या बऱ्याच मुलांना खरोखरच काही ना काही सांगायचे होते, हे मी इथे नोंदवते. पण आधी त्यांना पाठ केलेले म्हणून टाकावे लागे. ते झाल्यावर उरलेल्या दोन मिनिटांत खरे काय ते निघे.

आता उशिराच्या वहीबद्दल. शाळेचे फाटक दहाला बंद होई. नंतर येणाऱ्याने वहीत नाव लिहायचे आणि पहिला तास क्रीडा साहित्याच्या खोलीबाहेर उभे राहायचे. वर्षात दहा वेळा नाव आले की पालकांना बोलावणे जाई. सूट एकाच गटाला होती: जिल्हा पातळीवर निवड झालेले खेळाडू. त्यांचा सकाळी सराव असतो. शाळेचा खो-खो चांगला होता, त्यामुळे ही सूट वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेली होती.

नववीतली एक मुलगी अधूनमधून मंगळवारी माझ्या दाराबाहेर उभी असे. दार नियमाप्रमाणे अर्धे उघडे. एका मंगळवारी हजेरी क्रमांकातले एक मूल गैरहजर होते आणि मी एकटीच बसले होते. ती बाहेरूनच म्हणाली, "मॅडम, लेझीम एकशे चार हाईत."

मी म्हणाले, मी मोजली नाहीत.

"मी मोजलीत. दोनदा."

ती आत येऊन बसली. त्या दिवशी आम्ही लेझमांबद्दलच बोललो. ती गेल्यावर मी मोजली. एकशे चार होती.

पुढच्या तीन मंगळवारी तिने बाकीचे सांगितले. तिची आई रोज सकाळी नऊला गावातल्या इतर बायकांबरोबर टेम्पोने निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. टेम्पो निघाला की मुलगी घरासमोरच्या विजेच्या खांबापासून मोजायला सुरुवात करायची. शाळेच्या फाटकापर्यंत त्रेसष्ट खांब. मोजणी न तुटता त्रेसष्टला संपली तर टेम्पो नीट पोचणार. मधे तुटली तर पुन्हा पहिल्या खांबापासून.

"तुटली तर टेम्पो पलटी होतोय असं न्हाय, मॅडम," ती म्हणाली. "तसं काय नसतंय, मला म्हाईत हाय. पर झालाच तर?"

मोजणी तुटण्याचे मुख्य कारण गाव होते. त्या गावात समोरून येणाऱ्याला काही न विचारता पुढे जाणे अपमानाचे समजतात. गणवेशातली मुलगी दप्तर घेऊन साडेनऊला शाळेच्या रस्त्याने चालली असली तरी तिला कुठं निघालीस गं, असे विचारतात. उत्तर द्यावे लागते. उत्तर दिले की आकडा जातो. गावात जैनांची घरे बरीच आहेत. त्यांतले म्हातारे कानडीत विचारायचे आणि बाकीचे मराठीत, एवढाच फरक. चांगल्या दिवशी ती एकदा मागे जायची, वाईट दिवशी चारदा. उशिराच्या वहीत तिचे नाव आठ वेळा आले होते. वडिलांनी तिला सांगून ठेवले होते की शाळेने मला एकदा बोलावले की तुझी शाळा बंद.

म्हणजे दोन उशीर शिल्लक होते.

मी बेळगावच्या जिल्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांना नाव न सांगता विचारले. ते म्हणाले, याला नाव आहे, उपाय आहेत, वय कमी असताना आलेले चांगले, घेऊन या. फक्त पालकाची सही लागेल. मी मुलीला हे जसेच्या तसे सांगितले. तिने विचार केला आणि म्हणाली, आप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगायला हरकत नाही, पण शाळेच्या कागदावर नको आणि गावाला कळायला नको. तिच्या एका लांबच्या चुलत आत्याला कधीतरी दवाखान्यात नेले होते, तर गावात अजून तिचे नाव न घेता डोक्यावर बोट फिरवतात. मी तिला शब्द दिला.

चार दिवसांनी मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांनी खोलीतली माझी भेटींची वही पाहिली होती. तीत नावे नसत, फक्त वर्ग आणि हजेरी क्रमांक. शाळेने पाठवलेल्या सत्याहत्तर मुलांच्या रांगेत नववीचा एक क्रमांक चुकीच्या जागी होता, पुन्हा पुन्हा.

"मॅडम, ह्यो नंबर ओळीत बसत न्हाय," ते म्हणाले. "ही पोरगी आम्ही न पाठवता आल्याली हाय."

मला वाटले ते रागावले आहेत. ते भारावले होते. शाळेत समुपदेशनाला स्वतःहून आलेली ती पहिली विद्यार्थिनी होती. ती तिथे शिक्षा म्हणून उभी होती, हे त्यांच्या लक्षात नव्हते. स्नेहसंमेलन दहा दिवसांवर आले होते. त्यात तिचा शाल, श्रीफळ देऊन सत्कार करायचा आणि तिने दोन मिनिटे मनोगत मांडायचे, असे त्यांनी ठरवले होते. समस्या काय होती आणि ती कशी सुटत आहे, हे तिने गावासमोर सांगितले तर बाकीच्या मुलांना प्रेरणा मिळेल.

मी त्यांना गोपनीयतेचा नियम सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, तो फार चांगला नियम आहे असे म्हणाले, आणि मग मनोगत एक मिनिटाचे ठेवू का, असे विचारले. मी पुन्हा सांगितले. त्यांनी विचारले, समस्या तिने न सांगता मी सांगितली तर चालेल का.

सत्कार अडवणे त्या भागात जवळजवळ अशक्य आहे, हे मला ग्रामीण पानावर असल्यापासून माहीत होते. पण त्याच पानावर मी आणखी एक गोष्ट शिकले होते. एखादे नाव कोणाच्या लक्षात राहू नये असे वाटत असेल तर ते लांब यादीत घालावे. मी मुख्याध्यापकांना म्हणाले की एकीचाच सत्कार केला तर बाकीच्या पालकांना काय वाटेल. खोलीत जी मुले आली त्या सगळ्यांचा करावा.

"सगळी म्हंजे?"

"अठ्ठ्याहत्तर."

त्यांनी पलीकडे कोणाला तरी नारळांचा भाव विचारला. मग ते समाधानाने म्हणाले, "लई मोठा कार्यक्रम हुतोय की मग."

झालाच. शाली पुरणार नव्हत्या म्हणून टॉवेल आले. नारळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले. यादी माझ्या वहीवरून केली होती आणि वहीच्या वर खोलीचे नाव होते, त्यामुळे निवेदन करणाऱ्या शिक्षकांनी माइकवर 'क्रीडा विभागातील गुणवंत' असे जाहीर केले. कोणी हरकत घेतली नाही. पहिल्या वीस मुलांना पाहुण्यांनी एकेक करून टॉवेल घातला, फोटोसाठी थांबले, दोन शब्द बोलले. तिसाव्याच्या पुढे पाहुण्यांचे हात दुखू लागले. चाळिसाव्याच्या सुमारास दोन पाहुणे एकाच वेळी दोन बाजूंनी टॉवेल घालू लागले. नववीतली ती मुलगी एक्केचाळिसावी होती. तिला दोन टॉवेल मिळाले आणि नारळ मिळाला नाही, आणि तिच्याकडे एकाही माणसाने नीट पाहिले नाही. माझ्या दृष्टीने कार्यक्रम यशस्वी झाला.

मंडपाबाहेर तिचे वडील उभे होते. गावात त्यांची पिठाची गिरण होती आणि सगळे त्यांना अण्णा म्हणत. भुवयांवर कायम पीठ असलेले, कमी बोलणारे गृहस्थ. मुलीने आधीच त्यांना सांगून ठेवले होते की मॅडमना तुमच्याशी बोलायचे आहे. मी दवाखान्याचा कागद काढला आणि बोलायला सुरुवात करणार तोच त्यांनी विचारले, कुठं सही करू. मी म्हणाले, अण्णा, आधी ऐकून घ्या. ते म्हणाले, लोकं हाईत, आन् सही करून मुलीच्या दोन टॉवेलांतला एक खांद्यावर टाकून निघून गेले.

पुढच्या मंगळवारी बसमधून उतरले तेव्हा फाट्यावरच्या चहावाल्याने माझे अभिनंदन केले. मुलगी जिल्हा पातळीवर निवडली गेली होती. शाळेत मुख्याध्यापकांनी हात जोडले. अठ्ठ्याहत्तर मुलांत एकीचीच निवड झाली याचा अर्थ निवड कडक होती, असे ते म्हणाले. कशात, हे त्यांनी विचारले नाही. मला विचारावेसे वाटले की तुमच्या समजुतीने ती काय खेळते. विचारले नाही, कारण त्यांना उत्तर माहीत असण्याची भीती वाटली.

सोळा वर्षे मी लोकांच्या चुका दुरुस्त करत आले होते. ही चूक माझी होती. यादी माझी, वही माझी, आणि कागदावर 'जिल्हा' हा शब्द होता. वडिलांनी मुलीला कुठल्यातरी स्पर्धेला पाठवत आहोत अशा समजुतीने सही केली असेल, तर ती सही नव्हे. दवाखान्यात पाठवायचे तर त्यांना खरे सांगायलाच हवे. आणि खरे सांगितल्यावर त्यांनी कागद परत मागितला तर तो द्यायलाही हवा. मग शिल्लक उशीर दोन, बोलावणे आणि शाळा बंद. दुपारच्या सुट्टीत मी गिरणीकडे निघाले.

गिरण चालू होती. डबे घेऊन सहा बायका ओळीत बसल्या होत्या. मी अण्णांना खुणेने म्हणाले, बोलायचे आहे. त्यांनी पट्टा सोडवून गिरण बंद केली. इतकी शांतता झाली की सहाही बायकांनी माना वळवल्या. एकीने विचारले, "मॅडम, जिल्ह्याला कवा हाय ओ?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले, बायकांकडे पाहिले आणि गिरण पुन्हा चालू केली. मग मला आत जात्याजवळ यायची खूण केली. तिथे दोन माणसांनी एकमेकांच्या कानाशी बोललेले तिसऱ्याला ऐकू जाणे शक्य नव्हते. प्रशिक्षणात आम्हाला गोपनीय जागा कशी असावी यावर एक पूर्ण दुपार शिकवले होते. चालत्या गिरणीचा उल्लेख त्यात नव्हता.

मी त्यांच्या कानात ओरडून सांगितले. ही स्पर्धा नाही. दवाखाना आहे. मनाचे डॉक्टर आहेत. ती खांब मोजते आणि मोजणी तुटली की परत जाते, म्हणून तिला उशीर होतो. तुमची सही दुसऱ्या समजुतीने झाली असेल तर कागद परत घ्या.

ते खाली वाकून पिठाचा डबा सरकवत राहिले. मग माझ्या कानाशी आले.

"मला दिसतंय की, मॅडम. गिरणीच्या जाळीतनं. रोज हितपातूर येती आन् माघारी जाती."

मी विचारले, मग कधी बोलला नाहीत.

"मधीच बोललो आन् मोजणी तुटली तर? परत घरापासनं चालंल की ती." त्यांनी भुवईवरचे पीठ पुसले. "मी सकाळी कुत्री हाकलून ठेवतोय रस्त्यावरची."

"शाळा बंद करतो म्हणालात तिला."

"शाळेनं बोलावलं असतं तर का उशीर हुतोय ते सांगाय लागलं असतं. मला खोटं सांगाय येत न्हाय. म्हून म्हटलं, बोलवूच नये."

मी जिल्हा पातळीचे विचारले. ते गावात कोणी उठवले.

"मीच," ते म्हणाले. "दवाखान्याला न्हेतो म्हटलं की शंभर जण इचारणार का म्हून. जिल्हा पातळी म्हटलं की कोण काय इचारत न्हाय. नारळ देत्यात."

मी त्यांना आठवण करून दिली की खोटे बोलता येत नाही असे ते आत्ताच म्हणाले होते. त्यांनी त्यावर विचार केला आणि सांगितले, दवाखाना जिल्ह्याचाच हाय न्हवं. मग त्यांनी विचारले की ती बरी होईल का. मी सांगितले, डॉक्टर म्हणाले तेवढेच मला माहीत आहे: लवकर गेलो तर बरे. ते म्हणाले, मग कवा जायाचं. बाहेर पडले तेव्हा माझ्या केसांत पीठ होते आणि ओळीतल्या बायकांनी मला नीट जावा म्हणून सांगितले.

मधल्या आठवड्यात परिस्थिती बिघडली. आता गाव मुलीला कुठं निघालीस असे विचारत नव्हते, अभिनंदन करत होते, आणि अभिनंदनाला थांबावे लागते. एका दिवशी ती सातदा मागे गेली. वहीत नववे नाव आले.

बेळगावला निघायच्या आदल्या रात्री मी निपाणीत मुक्कामाला आले आणि सकाळी गावात पोचले. बसथांब्यावर फ्लेक्स लागला होता. त्यावर मुलीचा दोन टॉवेल घातलेला फोटो, खाली 'जिल्हा पातळीवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि त्याखाली शुभेच्छुकांचे पंचवीसेक चेहरे. मुख्याध्यापक, खो-खोचा संघ आणि एक हलगीवाला हजर होते. आईचा टेम्पो नऊला निघून गेला होता. तिला सुट्टी मिळाली नव्हती. बाप-लेक रस्त्याने येताना दिसले. वडील दहा पावले पुढे चालत होते आणि कोणी तोंड उघडले की हात वर करत होते. हलगीवाल्यालाही त्यांनी हातानेच थांबवले.

बस आली. आम्ही तिघे चढलो. मुलगी खिडकीजवळ बसली आणि लगेच उठली.

"आप्पा, एक खांब न्हाय."

फ्लेक्स सोळाव्या आणि अठराव्या खांबांच्या मधे बांधला होता. सतरावा त्याच्या मागे होता. नसणार कुठे, पण दिसत नव्हता.

मला प्रशिक्षणातले एक वाक्य आठवत होते की अशा वेळी मुलाला घाईने समजावू नये. अण्णांना ते प्रशिक्षण मिळालेले नव्हते. ते दाराशी गेले आणि कंडक्टरला म्हणाले, "थांबा जरा. पोरगीचं एक काम हाय."

ती उतरली. अण्णा उतरले आणि त्यांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केले. मुलगी फ्लेक्ससमोर गेली, तो एका बाजूने उचलला आणि आत वाकली. आपल्या फोटोसमोर ती वाकली आहे असे गावाला वाटले. पुढे उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. खो-खोच्या संघाने हात जोडले. मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. हे साधारण अर्धा मिनिट चालले. मग ती फ्लेक्समधून बाहेर आली, बसमध्ये चढली, आणि वडिलांना म्हणाली, "हाय."

कंडक्टरने घंटी मारली. मागे हलगी सुरू झाली.

डॉक्टर तिच्याशी तास-दीड तास बोलले, मग तिघांशी. त्यांनी घाबरवले नाही आणि लगेच बरी होईल असेही म्हटले नाही. महिन्यातून दोनदा यायचे ठरले आणि रोजचा एक सराव दिला. शेवटचा खांब मोजायचा नाही. मनात भीती येईल, ती येऊ द्यायची आणि थांबायचे. त्रेसष्टावा जमला की मग बासष्टावा.

त्या आठवड्यात माझ्या जुन्या दैनिकात आतल्या पानावर दोन कॉलमी बातमी आली. विद्यार्थिनीची जिल्हा पातळीवर निवड, ग्रामस्थांतर्फे निरोप, उपस्थितांची यादी. कोण, कुठे, केव्हा, कसे हे सगळे होते. कशात निवड, हे नव्हते. यादीत माझे नाव नव्हते. मी 'आदी'मध्ये होते. दुरुस्ती पाठवावी का, असा विचार मी एक दिवस केला.

पुढच्या मंगळवारी शाळेत पोचले तेव्हा उशिराची वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडी होती. दहावे नाव त्याच दिवशी आले असते. त्यांनी तिच्या नऊही नावांपुढे लाल शाईने एकेक शब्द लिहिला होता: सराव. यापुढे तिचे नाव वहीत घ्यायचे नाही, असे त्यांनी शिपायाला सांगितले होते. मला म्हणाले, मॅडम, आधी सांगायचं न्हाय होय, उगंच पोरीला उभं केलं. मी वही मिटून ठेवली. आधीच्या नऊ दिवसांबद्दल त्यांची नोंद चूक होती. पुढच्या दिवसांबद्दल बरोबर होती.

ती दहा वीसला आली. कोणी तिला बाहेर उभे केले नाही, तरी ती थेट माझ्याच खोलीत आली आणि बसली. दप्तर मांडीवर घट्ट धरलेले होते.

"आज बासष्टच," ती म्हणाली.

मी विचारले, मग टेम्पो.

"सांजच्याला कळंल."

मी विचारले, तोपर्यंत काय करायचे. तिने दाराबाहेर पाहिले. फाटकाजवळचा शेवटचा खांब तिथून दिसतो. तिने तोंड फिरवले.

"बसायचं."

आम्ही बसलो. मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत मी हलले नाही.